न्हाणीमागचे परडे

माढा तालुक्यात अरण नावाचे गाव आहे. संत सावता माळी तिथले. सातशे वर्षांपूर्वी ते तिथे मळा करीत होते. इ. स. १२९५ साली त्यांनी तिथेच समाधी घेतली. अरणहून पंढरपूर फार लांब नाही. तरी सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठोबा भेटला, असे लोक सांगतात.

आपण सारे त्यांच्याच जिल्ह्यातले. पण आपल्यापैकी किती जणांच्या दारात चार वांग्यांची झाडे आहेत? आपण बाजाराच्या दिवशी आठवड्याचे माळवे आणतो. ते तीन-चार दिवसांत संपते. मग पुढच्या बाजारापर्यंत शेंगाची चटणी, भाकरी आणि आमटी. चटणी-भाकरी वाईट नाही. आम्हीही तीच खातो. पण हिरवा पाला पोटात गेला नाही तर अंगात रक्त कसे वाढावे? सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायका तपासल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. कारणे पुष्कळ असतात. परंतु ताटात भाजी नसणे हे त्यांतले एक कारण आहे, आणि ते आपल्या हातातले आहे.

असे बोलायला लागलो की वर्गात कोणीतरी विचारतेच, "गुरुजी, माणसाला प्यायला पाणी न्हाई, झाडाला कुठनं घालू?"

प्रश्न खरा आहे. म्हणून आमचा हा पाठ झाडापासून सुरू होत नाही. न्हाणीपासून सुरू होतो.

आधी आमचीच एक चूक सांगतो. आम्ही शाळेत मुख्याध्यापक होतो. एका वर्षी आम्ही मुलांना सांगितले, "घरी परसबाग करा. ज्याची बाग चैत्रात सर्वांत हिरवी दिसेल त्याला बक्षीस." मुले आनंदाने कामाला लागली. सहावीतल्या एका मुलीने तर दारात दहा वांगी लावली. मार्गशीर्षात तिने आम्हाला पहिले वांगे आणून दिले. आम्ही ते वर्गात सगळ्यांना दाखवले आणि तिची पाठ थोपटली.

फाल्गुनात ती मुलगी शाळेत येईनाशी झाली. चार दिवस झाले, आठ दिवस झाले. आजारी असेल म्हणून आम्ही तिच्या घरी निघालो. वाटेतच ती भेटली. डोक्यावर घागर, हातात कळशी. गावातली विहीर आटली होती. ती मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणीत होती. विहीर अर्ध्या मैलावर.

"बाळ, हे पाणी कुठं नेतीस?"

"वांग्याला, गुरुजी. तुमीच म्हनला न्हवं, वाळू द्यायचं न्हाई म्हनून."

आमच्या तोंडून शब्द निघाला नाही. घरचे पाणी आणून झाल्यावर ती रोज सहा खेपा झाडांसाठी करीत होती. शाळेची वेळ त्यात जात होती. बक्षीस आम्हीच ठेवले होते आणि चैत्राची मुदतही आम्हीच घातली होती. आम्ही तिला म्हणालो, "जाऊ दे ती वांगी. उद्यापासून शाळेत ये." ती म्हणाली, "पन गुरुजी, त्येला कळ्या हायत."

दोन दिवसांनी ती शाळेत आली. वांगी वाळली. पुढच्या वर्षी आम्ही बक्षिसाची तपासणी चैत्रातून काढून पौषात नेली.

तेव्हापासून आम्ही एक नियम धरला आहे. परड्यासाठी वेगळी घागर आणायची नाही. घरात एकदा वापरून झालेले पाणी आणि आकाशातून पडलेले पाणी, एवढ्यावर जेवढे जगेल तेवढेच परडे. विहिरीवर पाणी आणायला बहुतेक घरांत बायका आणि मुलीच जातात. त्यांच्या डोक्यावर आणखी एक घागर चढवून हिरवे केलेले परडे आम्हाला नको.

आता हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. घरात सहा माणसे आहेत. प्रत्येकाच्या अंघोळीला एक बादली. एक बादली पंधरा लिटरची धरली तर नव्वद लिटर झाले. भांड्यांना दोन बादल्या, म्हणजे तीस लिटर. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी निदान अर्धी बादली. धुण्याचे पाणी तूर्त सोडून द्या, त्याचे पुढे सांगतो. म्हणजे रोज सव्वाशे लिटरच्या वर पाणी मोरीतून जाते. ते रस्त्यावर जाते. तिथे चिखल होतो आणि त्या चिखलावरून शेजाऱ्याशी भांडण होते.

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा वाफा घ्या. थंडीच्या दिवसांत त्याला रोज सुमारे पाऊण बादली पाणी पुरते. वैशाखात त्याच वाफ्याला सव्वा ते दीड बादली लागते, कारण ऊन आणि वारा दोन्ही पाणी ओढतात. म्हणजे तेवढ्याच पाण्यात थंडीत दोन वाफे होतात आणि उन्हाळ्यात एक. परडे हिवाळ्यात पसरायचे आणि उन्हाळ्यात आवरायचे. आमच्या सोलापूरकडची बागाईत या एका गोष्टीवर चालते.

धुण्याच्या पाण्याचे सांगायचे राहिले. इथेही आम्ही ठेचाळलो आहोत. न्हाणीजवळ आम्ही लिंबाचे झाड लावले. अंघोळीचे, धुण्याचे, सोडा-पावडरचे, सगळे पाणी त्याच्या आळ्यात सोडले. दोन वर्षे झाड जोरात वाढले. तिसऱ्या वर्षी पाने पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. आम्हाला वाटले, खत कमी पडले. म्हणून ओंजळभर युरिया टाकला. झाड आणखी खंगले. शेवटी कृषी सहायक आले. त्यांनी आळ्यात तांब्याभर पाणी ओतले. ते पाणी जिरेना, वरच थांबून राहिले. ते म्हणाले, "गुरुजी, जमीन चोपण झालीय."

झाले काय, ते समजून घ्या. आपल्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते. त्यात धुण्याच्या पावडरीतला क्षार रोज पडला की माती घट्ट होते. तिच्यात हवा आणि पाणी शिरत नाही. मातीत लोह असते, पण झाडाला ते घेता येत नाही. माणसाच्या अंगात रक्त कमी झाले की तोंड पांढरे पडते, तशी झाडाची पाने पिवळी पडतात. काही लोक याला केवडा पडला म्हणतात. त्यावर नुसता युरिया टाकून उपयोग होत नाही.

आम्ही धुण्याचे पाणी तोडले. आळ्यात चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा घातला. दोन पावसाळ्यांनी माती धुतली गेली आणि झाड पुन्हा हिरवे झाले. आता आम्ही असे करतो. सोडा-पावडरचे पाणी झाडांना घालीत नाही. कपडे शेवटी खळबळून काढलेले पाणी तेवढे घेतो. अंघोळीचे पाणी आधी दीड हात खोल अशा खड्ड्यात सोडतो. खड्ड्यात विटांचे तुकडे आणि वर वाळू आहे. त्याच्या कडेने कर्दळ, अळू आणि एक केळ लावली आहे. तिथून पुढे सरणारे पाणी फळझाडांना जाते, तेही एकाच झाडाला रोज नाही. आज लिंबू, उद्या डाळिंब, परवा शेवगा. तांदूळ-डाळीचे पाणी कोवळ्या भाजीच्या वाट्याचे. सांडपाणी नेहमी बुडाशी घालावे, पानांवर उडवू नये. जी भाजी आपण कच्ची खातो, जसे कोथिंबीर किंवा मुळा, तिला तर ते अजिबात घालू नये. लहान मुलाची दुपटी धुतलेले पाणीही परड्यात नको.

आणि पाणी साचू देऊ नका. सात-आठ दिवस पाणी एका जागी राहिले की त्यात डासांची पिल्ले तयार होतात. परडे भाजीसाठी करायचे, हिवतापासाठी नव्हे.

आता मातीचे. काळी माती पाणी धरते, हा तिचा गुण. उन्हात भेगाळते आणि पावसात लादीसारखी होते, हा तिचा दोष. म्हणून फळझाडाचा खड्डा वैशाखातच खणून ठेवावा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. महिनाभर ऊन खाऊ द्यावे. मग काळी माती, बारीक मुरूम किंवा वाळू, आणि कुजलेले खत मिसळून तो भरावा. भरताना जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावा. लिंबाच्या बुंध्याला पाणी टेकले तर साल कुजते आणि डिंक सुटतो. म्हणून बुंध्याभोवती मातीची भर द्यावी आणि पाण्याचे आळे तिच्या बाहेरून काढावे. ताजे शेण खड्ड्यात टाकू नये. त्याच्यामागे हुमणी आणि वाळवी येते. उकिरड्याचे तळचे काळे खत, ज्याला वास येत नाही, तेच चांगले.

जागा नाही, असे म्हणणाऱ्यांनी फुटकी घागर, तेलाचा डबा, सिमेंटची गोणी, काहीही घ्यावे. बुडाला भोके पाडावीत. फक्त फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नये. ते विष असते.

पावसाळ्याकडे वळू. एकदा आम्ही बागकामाचे एक पुस्तक आणले. पुस्तक चांगले होते. त्यात लिहिले होते की मृगाचा पाऊस पडताच सर्व भाज्यांचे बी टाकावे. आम्ही टाकले. बी उगवले. मग तीन आठवडे आभाळ नुसते येऊन जाई. रोपे करपली. आर्द्रात पुन्हा बी टाकले, तेही गेले. पुस्तक लिहिणारे गृहस्थ भरपूर पावसाच्या मुलखातले असावेत. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाचशे ते सहाशे मिलिमीटर, म्हणजे वीस ते चोवीस इंच. त्यातही आपला मोठा पाऊस जूनमध्ये नसतो. सप्टेंबरमध्ये असतो. उत्तरा आणि हस्त ही आपली नक्षत्रे. म्हणून तर आपल्याकडे ज्वारी रब्बीची. शेतकऱ्याला शेतात जे कळते ते परड्यात मात्र आपण विसरतो.

तेव्हा मृगात सगळी पोतडी रिकामी करू नका. खुरप्याने माती उकरून पाहा. वीतभर खोल ओल गेली असेल तरच बी टोका. तेही धट्ट्या-कट्ट्या भाज्यांचे. दोडका, भोपळा, कारले कुंपणाला किंवा माळवदावर चढवा. गवार, भेंडी, अंबाडी खाली लावा. शेवग्याची हातभर जाड फांदी याच वेळी रोवावी. पावट्याचे वेल आषाढात कुंपणाला लावले तर थंडीभर शेंगा देतात. तांदुळजा, घोळ, पाथरी या भाज्या तर न लावता उगवतात. आपण त्यांना तण म्हणून उपटून टाकतो. आमच्या आईने एका दुष्काळात याच पाल्यावर आम्हाला वाढवले. मात्र ओळखीचाच पाला खावा. ओळख नसेल तर जाणत्या म्हातारीला विचारावे.

वांगी, मिरची, टोमॅटो यांचे रोप श्रावणात टाकावे आणि भाद्रपदात उपटून लावावे. मग उत्तरा-हस्ताचा पाऊस त्यांना आयता मिळतो. झेंडूचे बी आषाढाच्या शेवटी टाकावे, रोपे श्रावणात लावावीत. दसऱ्याला घरची फुले होतात. बाजारात त्या दिवशी फुलांचा भाव विचारून आलेल्या माणसाला याची गोडी समजेल. झेंडूचा आणखी एक उपयोग आहे. मातीत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक अळ्या असतात. त्या टोमॅटो-वांग्याच्या मुळांना गाठी आणतात. शेजारी झेंडू असला की त्या कमी होतात.

पावसाळ्यात दुपारी दोन घटका माळवदाकडे किंवा पत्र्याकडे पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला तर सव्वादोनशे लिटरहून जास्त पाणी खाली येते. पंधरा बादल्या! पन्हळीखाली पिंप ठेवले तर पुढच्या उघडिपीत परडे तगते. पिंपावर फडके बांधा, डासांसाठी.

सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. कमी पावसात ओल कशी टिकवायची, हे तिथे तपासले गेले. बांध घालून पाणी जिरवावे, पिकाच्या ओळी लांब ठेवाव्यात, आणि वरची माती कोळपून भुसभुशीत ठेवावी म्हणजे भेगा बुजतात आणि खालची ओल उडत नाही. शेतातली ही रीत परड्यातही चालते. पाणी घातल्यावर दुसऱ्या दिवशी खुरप्याने वरची माती हलवावी. मग त्यावर वाळलेला पाला, भुसकट, उसाचे पाचट, जे मिळेल ते चार बोटे जाड पसरावे. बुंध्यापाशी थोडी जागा मोकळी सोडावी.

हस्त संपला की आपल्या परड्याचे सोन्याचे दिवस येतात. हवा कोरडी, ऊन कोवळे, मातीत ओल. मेथी, पालक, शेपू, चुका, चाकवत, कोथिंबीर, मुळा, गाजर, सर्व काही येते. मेथी महिन्याभरात हाताशी येते. मात्र सगळी एकाच दिवशी पेरू नका. दर आठ दिवसांनी दोन-दोन ओळी पेरा. नाहीतर एका आठवड्यात घरभर मेथी आणि पुढे महिनाभर काही नाही. धने पेरताना हातावर रगडून त्यांचे दोन भाग करावेत. पालक मुळासकट उपटू नये. कापून घ्यावा, तो पुन्हा फुटतो.

आम्ही घरच्या मंडळींना दोन मुदती घालून देतो. पहिली वेळा अमावस्येची. त्या दिवशी शेतात भज्जी करायची तर तिच्यातला पाला घरचा हवा. दुसरी भोगीची. भोगीच्या भाजीला वांगी, पावटा, गाजर, मेथी लागतात. या भाज्या जर परड्यातून निघाल्या तर वर्ष साधले. दुसऱ्या दिवशी संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेला सिद्धेश्वरी जायला आपण मोकळे. तिथे गेलात तर देवळाभोवतीचा तलावही नीट पाहा. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तो खोदविला. देवळाबरोबर पाण्याचाही विचार करणारा तो साधुपुरुष होता.

खाण्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. पालेभाजीवर लिंबू पिळून खावे. लिंबाने भाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पिण्याची खोड मात्र वाईट. चहाने ते लोह वाया जाते. शेवग्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला शेळीला घालतो. शेळी आपल्यापेक्षा शहाणी म्हणायची. त्या पाल्याने रक्त वाढते आणि डोळ्यांनाही तो चांगला.

आता कठीण भाग. उन्हाळा.

शिमगा झाला की सोलापूरचे ऊन चटका देऊ लागते. वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. विहिरी खाली जातात. अशा वेळी मनाशी ठरवावे लागते, काय जगवायचे आणि काय जाऊ द्यायचे. सगळेच जगवायला गेलो तर सगळेच अर्धमेले होते. किंवा मग कोणाच्या तरी डोक्यावर घागर चढते.

आमचे उत्तर असे आहे. जे लावल्यावर तीन महिन्यांत पुन्हा येते ते जाऊ द्यावे. ज्याला उभे राहायला तीन वर्षे लागली ते जगवावे. म्हणजे वांगी, मिरची, टोमॅटो, पालेभाजी, वेल हे सर्व फाल्गुनाच्या शेवटी काढून टाकावे. फुले असली, कळ्या असल्या तरी काढावे. हात धजत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण वांग्याला कळ्या कायमच असतात. काढलेली झाडे शेळीला घालावीत किंवा वाफ्यावर पसरावीत. वाफे उन्हात तापू द्यावेत. मग लिंबू, कढीपत्ता, शेवगा, डाळिंब, तुळस एवढीच पाणी मागणारी उरतात. त्यांना रोज थोडे थोडे पाणी घालण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी भरपूर घालावे, संध्याकाळी घालावे. रोजच्या शिपणाने मुळे वरच राहतात आणि उन्हात भाजतात.

शेवगा आणि डाळिंब तर आपल्याच हवेतली माणसे. डाळिंबावर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र २००५ साली सोलापुरातच निघाले, ते उगाच नाही. शेवग्याच्या शेंगा उतरल्या की झाड छाटून कमरेइतके ठेवावे. उंच वाढू दिले तर शेंगा काढायला कोणीतरी वर चढतो. शेवग्याची फांदी फार ठिसूळ. हाडवैद्याकडे गेलेले आम्ही पाहिले आहेत. दाराजवळ शेवगा लावू नये म्हणतात, त्यात भुताखेताचा काही संबंध नाही. फांदी डोक्यावर पडते, एवढेच. पावसाळ्यात त्याच्या खोडावर सुरवंटांचा थवा बसतो. हात लावू नका, अंगाला खाज सुटते. लांब काठीला चिंधी बांधून पेटवावी आणि थवा जाळावा. मात्र आसपास कडब्याची गंज नको.

ज्याला उन्हाळ्यातही एखादा वेल ठेवायचा असेल त्याने कुंभाराकडून कच्च्या रंगाचे, बिनचकाकीचे मडके आणावे. नवे हवे. जुन्या माठाची छिद्रे बुजलेली असतात. ते गळ्यापर्यंत मातीत पुरावे, पाण्याने भरावे, वर झाकण ठेवावे. भोक पाडू नये. पाणी मडक्यातून आपोआप पाझरते आणि मुळे मडक्याला येऊन बिलगतात. भोवती दोन-तीन बिया टोकाव्यात. तीन-चार दिवसांनी मडके पुन्हा भरावे. ही युक्ती आमची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी चीन देशातले शेतकरी अशी मडकी पुरीत होते. मडक्यात मात्र साबणाचे पाणी नको.

फुलांचे काय? सदाफुली आणि बोगनवेल थोड्या पाण्यावर तगतात. गुलाबाची हौस आम्ही सोडली. मोगरा सोडवत नाही. तो नेमका चैत्र-वैशाखात फुलतो. म्हणून संध्याकाळी बाहेरून आलो की हातपाय आम्ही मोगऱ्याच्या आळ्यातच धुतो. घरातल्या सगळ्यांना तशी सवय लावली आहे. पाहुणा आला तर त्यालाही तांब्या घेऊन तिकडेच पाठवतो.

आता बियाण्याचे, म्हणजे हा पाठ वाचायचे काम कशाला ते कळेल. आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजी येत असत. त्यांच्या परड्यात दरवर्षी दोडक्याचे दहा वेल. दरवर्षी त्यांतले निम्मे कडू निघत. कडू आहेत हे कळे भाद्रपदात. तोवर दोन महिने त्या वेलांनी पाणी प्यालेले असे. कारण एकच. आजी सगळ्या दोडक्यांचे बी एकाच फडक्यात बांधीत. चांगले-वाईट सर्व एकत्र. इथे हेही ध्यानात ठेवा. दोडका असो की दुधी भोपळा, तो कडू लागला तर गूळ घालून खाऊ नका, सरळ टाकून द्या. त्याने ओकाऱ्या आणि जुलाब होतात, माणूस दगावूही शकतो.

आम्ही आजींना म्हणालो, "आजी, ज्या वेलाची फळं तुम्ही खाल्लीत आणि जी गोड निघाली, त्याच वेलावर दोन फळं वाळू द्या. कडू वेल दिसला की उपटा. बी सुटं काढा, सावलीत वाळवा, राखेत घोळा, बाटलीत भरा. आणि वर चिठ्ठी लावा."

"चिठ्ठी कोन लिवनार वो गुरुजी? नातवाला येळ न्हाई."

"तुम्ही लिहायची."

त्या दिवशी आजींनी धड्यातले काही वाचले नाही. पाटीवर एकच शब्द तासभर गिरवीत बसल्या. कार्तिकातल्या रफाराने त्यांना फार त्रास दिला. चार दिवसांनी त्यांनी बाटली वर्गात आणून दाखवली. चिठ्ठीवर तीन शब्द होते. दोडका. गोड. कार्तिक. रफार एक अक्षर आधीच, 'का'वर जाऊन बसला होता. आम्ही तो तसाच ठेवला. पुढच्या मृगात पाऊस पडला, ओल वीतभर गेली, तेव्हा आजींनी फळीवरच्या चार बाटल्यांतून ती बाटली स्वतः वाचून काढली आणि कुंपणाला बी टोकले.